माझे मंजूर झालेले कर्ज नामंजूर करण्याबाबत

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
दिना-प्राणहिता नागरी सहकारी पतसंस्था,
शाखा अहेरी, जि. गडचिरोली.

अर्जदार : सोमाजी लटारू गुरनुले, निवृत्त ग्रंथपाल, मु. पो. गोंडपिपरी, जि. चंद्रपूर.

विषय : अहेरी येथील पाच खोल्यांचे भाड्याचे घर विकत घेण्यासाठी मला मंजूर झालेले कर्ज नामंजूर करण्याबाबत.

संदर्भ : आपले मंजुरीपत्र, दि. ८ नोव्हेंबर २०२४.

महोदय,

मंजूर झालेले कर्ज नाकारा म्हणणारा अर्ज कोणत्या नमुन्यात करतात ते मला ठाऊक नाही. चुकल्यास सांभाळून घ्यावे. हे समक्ष सांगण्यासाठी मी दोनदा आपल्याकडे आलो होतो. दोन्ही वेळा आपण चहा मागवलात, "बाबूजी, सौदा झकास आहे" म्हणालात, आणि मी "बरं" म्हणून आपण दाखवाल तिथे सही करून परतलो. म्हणून हे लेखी.

१. घर घेऊन भाड्याने द्यावे ही कल्पना मला एका पुस्तकातून सुचली. नवख्या गुंतवणूकदारांसाठीचे ते पुस्तक आमच्या वाचनालयातून कधी कुणी नेले नव्हते. त्याला वाईट वाटू नये म्हणून मीच ते वाचले. त्यात लिहिले होते की भाडे किती येते हे विकणाऱ्याला विचारू नये, तो फुगवून सांगतो. भाडेकरूंनाच विचारावे.

२. त्याप्रमाणे मी खोल्यांवर गेलो. अनोळखी दारात "मी हे घर घेणार आहे" असे म्हणायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "थोडी माहिती घ्यायची आहे." अंगात पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी, हातात पुठ्ठ्याची वही. आपल्या भागात अशा माणसाला लोक काय समजतात, हे इतकी वर्षे इथेच काढून माझ्या ध्यानात यायला हवे होते.

३. चौथ्या खोलीत कु. रंजीता ही नर्सिंग शिकणारी मुलगी राहते. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना सरकार भाड्याला मदत देते, असे तिने ऐकले होते. ती म्हणाली, "पंधराशे लिवा, बाबाजी." शेजारच्या नीलाबाई, ज्या बाजारात सुकी मासळी विकतात, हे ऐकून बाहेर आल्या. "आमचेबी पंधराशेच लिवा. आमी का सरकारची सावत्र लेकरं आहो?" पाचही खोल्यांनी पंधराशे सांगितले. मी लिहून घेतले. मला खुर्ची दिली, पपई कापून दिली. ती मी खाल्ली.

४. खरे भाडे नऊशे आहे. हे मला मालक श्री. दादाजी मोहुर्ले यांच्याकडे कळले, कारण आपल्या नियमाप्रमाणे भाड्याच्या तपशिलावर त्यांची सही लागत होती. तो वाचून ते हसतच सुटले. "मले नऊशे देतेत अन् तुमाले पंधराशे सांगतेत? मंग देऊ द्या ना!" तेव्हाच मी बोलायला हवे होते. माझ्या हातात चहाचा कप होता. तो संपेपर्यंत त्यांनी सही करून टाकली.

५. येत्या डिसेंबरच्या एक तारखेपासून त्यांनी सर्वांना पंधराशे मागितले आहेत. कुणी कुरकुर केली तर ते माझ्या तपशिलाची झेरॉक्स दाखवतात. आता त्या गल्लीतले बाकीचे घरमालकही ती झेरॉक्स मागून नेतात. तिला 'गुरनुले सर्वे' असे नाव पडल्याचे कळले.

६. मंजुरीपत्र घ्यायला आलो तेव्हा आठवडी बाजार होता. नीलाबाईंनी लांबूनच हाक मारली. "ओ सर्वेवाले बाबाजी! पैसे कई येतीन? किराया तं वाढला, अन् ते रंजी गावाले वापस जातो म्हणते." त्यांनी सुक्या झिंग्यांची पुडी माझ्या पिशवीत टाकली. पैसे घेईनात. "आमची फाईल लवकर सरकवा, बस." आयुष्यात मला मिळालेली ही पहिली लाच. पुडी कपाटात आहे. सगळ्या पुस्तकांना वास लागला आहे.

७. सबब माझा तपशील खोटा धरून कर्ज नामंजूर करावे, अशी विनंती करणार होतो. मला कुणाला नाही म्हणता येत नाही. आपण म्हणालात तर मी सुटेन.

८. परंतु वरील मजकूर पुन्हा वाचताना लक्षात आले की सुटेन तो मीच. घर दुसरा कुणी घेईल, आणि पंधराशेही त्याच्याकडे जातील. म्हणून विनंती बदलतो. विषय खोडून नवा लिहिण्याची हिंमत उरली नाही, तो तसाच राहू द्यावा. कर्ज नामंजूर करू नये. नऊशे भाडे धरून घराचे मूल्यांकन पुन्हा करावे, आणि जे कमी कर्ज बसेल तेवढेच द्यावे. उरलेल्या रकमेसाठी मी माझी मुदत ठेव मोडतो. ती म्हातारपणासाठी राखली होती. ते सुरू होऊन बरीच वर्षे झाली. पुस्तकाप्रमाणे असा सौदा सोडून द्यावा. परंतु खरेदीखत एक तारखेच्या आत झाले तर भाडे किती घ्यायचे ते मी ठरवू शकेन. एवढी घाई कृपया करावी.

आपल्या चहाचा ऋणी आणि आपला नम्र,

सोमाजी लटारू गुरनुले
गोंडपिपरी, दि. १८ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१) भाड्याचा तपशील (खोटा).
२) भाड्याचा तपशील (खरा). भाडेकरूंच्या सह्यांची जागा कोरी आहे. त्यांनी केल्या तर आणून देईन.

प्रत माहितीसाठी :
१) श्रीमती नीलाबाई, खोली क्र. ३. तो सर्वे नव्हता. सरकारकडून काहीही येणार नाही. झिंगे परत आणले आहेत.
२) कु. रंजीता, खोली क्र. ४. गावी जाऊ नये. ही प्रत नीलाबाईंना मोठ्याने वाचून दाखवावी. मी तेव्हा बाहेर रस्त्यावर उभा असेन. हाक मारलीत तर आत येईन.