सातवा डबा

१ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार. अल हैल.

आजही गेले दोघं, बाप-लेक. सकाळी सहाला. मी उठून पोहे केले होते. 'आल्यावर खातो,' म्हणाला लोकेश. पोहे काय आल्यावर खायची गोष्ट आहे!

कुठे गेले? डबे बघायला. गिरिजाचे डबे. गिरिजा म्हणजे लोकेशची पहिली बायको, यशूची आई. जाऊन चार वर्षं झाली. माझ्या लग्नाला सहा महिने, इथे आखातात येऊन तीन. पण या घरातला शुक्रवार अजून तिचाच आहे.

ती मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. तिथल्या कुणा इंग्रज बाईकडून हा खेळ शिकली. डोंगरवाटेवर दगडाआड प्लास्टिकचा डबा लपवायचा. आत एक वही आणि खोडरबरावर कोरलेला शिक्का. जागेचं कोडं कार्डावर लिहायचं. ज्याला डबा सापडेल त्याने डब्यातला शिक्का आपल्या वहीत उठवायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत. आणि डबा परत जागेवर. बस, एवढंच!

रियाम पार्कमागून मत्रहकडे जी पायवाट जाते, तिच्यावर तिने सात डबे ठेवले. सहा सापडले. सातवा चार वर्षं सापडत नाहीये. तो सापडूच नये असं मला वाटतं. नाही — सापडावा, आणि एकदाचं खलास व्हावं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मीही गेले. स्वतःच म्हणाले, येते.

वाट सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. खाली समुद्र, दगडांवर रंगवलेले पट्टे, त्या पट्ट्यांमागे चालत राहायचं. पण प्रत्येक वळणावर लोकेशचं सुरू — 'इथे गिरिजा घसरली होती, मी हात धरला.' 'इथे बसून आम्ही संत्री खाल्ली.' यशू बारा वर्षांची, चालता चालता ऐकत होती. हजारदा ऐकलेलं असणार, तरी. मी मागे. मला कुणी हात दिला नाही. मी घसरलेच नाही म्हणा!

शिक्का केला होता मी. दोन दिवस खपून, 'र' कोरला. पहिल्या डब्यातल्या वहीत उठवला तर उलटा! आरशातला 'र'. यशू हसली, "आंटी, यू हॅव टु कार्व्ह इट बॅकवर्ड्स!" वाईट हसली नाही ती. पण शेजारीच गिरिजाचा शिक्का होता — सुगरणीचं घरटं, एकेक काडी दिसेल असं. मी माझ्या 'र'वर बोट फिरवलं. शाई पसरली. आता तिथे नुसता डाग आहे.

१५ नोव्हेंबर

नाही गेले. डोकं दुखतंय म्हणाले. दुखत नव्हतं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

यशूला ताप. शाळा बुडाली. तिला पेज दिली, ती झोपली, मी टेबल आवरत होते. तिच्या वहीत सातव्या डब्याचं कार्ड होतं. कार्डांना मी हात लावलेला तिला आवडत नाही. लावला.

गिरिजाचं अक्षर. दोनच वाक्यं — 'सगळे निघून गेले. उंबऱ्याखाली बघ.'

मी दोनदा वाचलं. मग उभीच राहिले. कारण आतापर्यंत मी जे ऐकलं होतं ते असं, की डबा उंबराच्या झाडाखाली आहे. रानउंबर. म्हणून दर शुक्रवारी हे दोघं ओढ्याकाठची झाडं हुडकतात! यशूला मराठी वाचायला जड जातं, तिला बापाने वाचून दाखवलं. पण बापाला? नागपूरकडचा माणूस, मोठा इंजिनिअर, आणि उंबर नि उंबरा यातला फरक कळू नये?

वाटेवर एक उजाड वस्ती आहे. छपरं नसलेली घरं. सगळे निघून गेले.

कुणाला सांगितलं नाही. चार वर्षं ज्यांना जमलं नाही ते मला दोन मिनिटांत जमलं. खूप बरं वाटलं. वाटू नये इतकं बरं.

६ डिसेंबर, शुक्रवार

महापरिनिर्वाण दिन. अल खौदला एका घरी सगळे जमलो, पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली. जेवताना एक बाई मला म्हणाल्या, "गिरिजा असती तर आज गाणी तिनेच घेतली असती हो. काय गळा!" मग माझ्याकडे बघून, "तुम्ही गाता?"

नाही. मी एलआयसीत क्लेम बघायचे, नाशिकला. मी गात नाही, चित्रं काढत नाही, मला शिक्का कोरता येत नाही. मी नुसती जिवंत आहे.

९ डिसेंबर, सोमवार

मिळाला.

मला इथे गाडी चालवता येत नाही अजून, म्हणून वरच्या मजल्यावरच्या रईसाला गळ घातली. रईसा खेडची, नवऱ्याचं सीबला दुकान. रस्ताभर मला बोलत होती, "येडी झालीस काय गो तू? मेलेल्या बायकोशी कोण लावतंय शर्यत?" तरी आली. चप्पल घालून डोंगर चढली!

वस्तीत सात-आठ घरं. चौथ्या घराला उंबरा होता. लांब, पायांनी झिजलेला दगड. त्याखाली चपटा दगड खोचलेला. तो काढला, हात घातला — डबा. मी ओरडलेच. रईसा म्हणाली, "साप हाय काय?"

वर्तमानपत्र अंथरून बसलो. शिक्का होता, तीन पायताणांचा. दोन मोठी, एक लहान. वही उघडली. पहिल्याच पानावर तारीख, ७ फेब्रुवारी २०२०. जसंच्या तसं उतरवते :

'सातवा. हाही एकटीनेच ठेवला. यशूला वाटतं आई-बाबा मिळून ठेवतात. वाटू दे. आधी म्हणायचा पुढच्या शुक्रवारी येतो, आता तेही म्हणत नाही. घरी असला तरी फोनमध्येच असतो. इथे निदान वाऱ्याचा आवाज आहे. लोकेश, हे तू वाचत असशील तर — निदान एकदा आलास.'

पुढची पानं कोरी.

रईसाने विचारलं, "काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. तिने वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाली, "चल. ऊन चढलं."

मी वही पर्समध्ये टाकली. डबा परत ठेवला, आत नुसता शिक्का.

११ डिसेंबर

म्हणजे तो हात धरला होता, ती संत्री — सगळं खोटं? तो एकदाही आला नव्हता तिच्याबरोबर? मग ते सगळं येतं कुठून!

इथे आल्यापासून मी जिच्यावर जळले, ती बाई त्या उंबऱ्यावर एकटी बसलेली होती. तिचा संसार मला हवा होता. आणि मला तोच मिळालाय की! घरात असतो, फोनमध्ये असतो.

वही पिठाच्या डब्यामागे आहे. एक मन म्हणतं, जेवणाच्या ताटाशेजारी ठेवावी. हे मन चांगलं नाही, मला कळतं. यशूचं काय होईल?

१३ डिसेंबर, शुक्रवार

दोघं दमून आले. यशू म्हणाली, "नो लक." लोकेश बूट काढत तिला सांगत होता, "त्या झाडाखाली तुझी आई एकदा..."

माझ्या तोंडून गेलंच, "तुम्ही होतात तेव्हा?"

तो थांबला. यशू आंघोळीला गेली. मी स्वयंपाकघरातून वही आणली, त्याच्यापुढे धरली. त्याने हातात घेतली नाही. पिठाचा हात पुसावा तसा हात पँटला पुसला नुसता. विचारलं, "डबा तिथेच आहे ना?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"ती गेली त्याच महिन्यात. एकटा गेलो होतो. वाचली, परत ठेवली."

"आणि यशूला उंबराचं झाड?"

"तिला दुसरं काय देणार होतो मी?" हळू आवाजात बोलत होता, नळाचा आवाज येत होता. "तिच्या आईबरोबर मी कधी गेलो नाही. निदान तिच्याबरोबर तरी... आणि ती विचारायची, आई इथे काय म्हणाली, तिथे काय म्हणाली. मला काहीच माहीत नव्हतं, रचना. मग सांगत गेलो."

मला राग यायला हवा होता. आला पण. पण त्याने पहिल्यांदाच माझं नाव घेऊन काही सांगितलं, याचा आनंदही झाला. कसली मी!

म्हणाले, "तिला सांगा. मी नाही सांगणार. पण आता मी हे खोटं ऐकत बसणार नाही."

१९ डिसेंबर

अजून सांगितलं नाही. 'इन्शाल्ला' म्हणतो, ऑफिसमध्ये काम पुढे ढकलताना म्हणतात तसं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आज तिघं गेलो. रियामला गाडी लावल्यावर लोकेशने वही यशूच्या हातात दिली. ती बोट ठेवून एकेक शब्द वाचत होती. मध्येच म्हणाली, "निदान म्हणजे?" लोकेशने खरा अर्थ सांगितला. ती शेवटपर्यंत गेली. मग वही मिटली, खाली उतरली, माझ्या बाजूचं दार उघडलं.

"आंटी, तुम्ही चला. बाबा नको."

इतके महिने मला हेच हवं होतं, कुणी मला 'चला' म्हणावं. लोकेश स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. माझ्याकडे बघत होता. आणि माझा पाय गाडीतून निघेना.