आश्रमाहून आलेली बाई

पळसवाडी, वाशीमजवळ
ता. ७ नोव्हेंबर १९३७

प्रिय भगिनी गोमतीबाई हिस मनकर्णाचा प्रभूमध्ये सलाम, वि. वि.

मी सुखरूप पोचले. अकोल्याहून मोटारीने वाशीमला उतरले तेव्हा पुंजाजी बैलगाडी घेऊन उभा होता. हा माझा धाकटा भाऊ मी घर सोडलं तेव्हा कडेवर बसायचा. आता त्याच्या मिशा पिकायला लागल्यात. पाया पडायला वाकला आणि हात पायाला लागायच्या आधीच थबकला. मी म्हटलं, राहू दे बाबा. त्याला सुटल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

तू हसशील, पण मला भीती वाटते. जन्मभर महारोग्यांच्या जखमा धुतल्या तेव्हा भ्याले नाही. रानातल्या गावागावांतून सुवार्ता सांगत हिंडले तेव्हा भ्याले नाही. आणि इथे बापाच्या अंगणात तांब्याभर पाणी मागायला जीभ उचलत नाही. मोठ्या दुष्काळात मी मिशनच्या अन्नछत्रात जेवले, म्हणून याच अंगणातून मला बाहेर काढलं होतं. विधवा पोर, तिचा भार कोण वाहणार. आता बाप नाही. माझी कंबर गेली, मिशनने निरोप दिला आणि पुंजाजीचं बोलावणं आलं, म्हणून आले.

पडवीतली खोली मला दिली आहे. ताट वेगळं, पाण्याचा माठ वेगळा. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते बायांचं. बोलायला येतात, पण तोंडाकडे पाहत नाहीत, माझ्या बोटांकडे पाहतात. सगळी बोटं जागेवर दिसली तरी त्यांचं समाधान होत नाही. मी मग हात पदराखाली घेते, आणि ते तर आणखीच वाईट दिसतं.

भावजय गिरजाबाई मात्र निराळी. तीच एक माझ्याजवळ टेकून बसते, मेथी निवडता निवडता आश्रमातल्या गोष्टी विचारते. तिची एकुलती मुलगी अंजना सोळाची आहे. शिरपूरच्या घरी तिची सोयरीक ठरली आहे, वैशाखात लग्न. मला धास्ती वाटते की माझ्या येण्याने त्या पोरीचं काही बिघडायला नको. रोज तेवढीच प्रार्थना करते.

आश्रमातल्या आपल्या मोतीबाईची जखम, तिचा पाय कसा आहे ते लिही. तुझी माया अशीच राहो.

तुझी,
मनकर्णा


आश्रम, पाथरखेडा
ता. १९ नोव्हेंबर १९३७

प्रिय मनकर्णास गोमतीचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र मोतीबाईला वाचून दाखवलं. तिचा पाय सुधारतो आहे. ती म्हणाली, बाईला सांगा, आमच्यात होती तेव्हा कोणी बोटं पाहत नव्हतं, परत या. मी तिला रागावले, पण तुला कळवल्याशिवाय राहवलं नाही.

तू गेल्यापासून जखमा बांधायचं काम नव्या पोरीकडे दिलं आहे. ती पट्टी अशी बांधते की पुण्यातल्या सरदाराची पगडी वाटावी. डॉक्टरसाहेब काही बोलत नाहीत, नुसते सुस्कारे टाकतात.

आता माझं एक ऐक. तुझी एक खोड आहे. समोर माणूस आलं की तू त्याच्या भुवया आणि कानाच्या पाळ्या निरखत बसतेस. बाजारात भाजीवालीचेसुद्धा हात पाहतेस. ते सोड. घरी गेलीस ना, मग घरच्यासारखी रहा. लोक तुझ्याकडे पाहतात आणि तू लोकांकडे, असं किती दिवस चालेल? भावजयीशी दोन गोष्टी बोल. अंजनाला एखादी चोळी शिवून दे. भीती आपोआप जिरेल.

थंडी पडली आहे, कंबर जप. आठवण ठेव, एवढंच मागते.

तुझी,
गोमती


पळसवाडी
ता. १२ डिसेंबर १९३७

प्रिय गोमतीबाई हिस सलाम, वि. वि.

तू म्हणालीस तशी खोड सोडायचा प्रयत्न करत होते. ती सुटली असती तर बरं झालं असतं असं आज वाटतं.

परवा सकाळी गिरजाबाई चुलीपुढे भाकरी करत होती. मी उंबऱ्याशी बसले होते. तिने लाकूड पुढे सारलं, तेव्हा एक निखारा निसटला आणि तिच्या डाव्या मनगटाच्या वर पडला. ती अंजनाशी बोलत होती, बोलतच राहिली. निखारा कातडीवर तसाच. वास आला तेव्हा अंजनाने ओरडून दाखवला, आणि मग गिरजाबाईने हात झटकला, जणू माशी बसली होती. तिने चटकन बांगड्या खाली ओढल्या. तेवढ्यात मला दिसायचं ते दिसलं. रुपयापेक्षा मोठा फिकट चट्टा आहे, कडा किंचित उचललेल्या. आपण हजार वेळा पाहिला आहे तसा.

गोमती, हा चट्टा आजचा नाही. हा रोग अंगात वर्षानुवर्षं दबून असतो, हे तुला मला माहीत. पण गावाला काय माहीत? मी येऊन महिना झाला, आणि घरात रगतपिती निघाली. कोणाला विचारायचीसुद्धा गरज पडणार नाही. पुंजाजीलाच तसं वाटेल. अंजनाची सोयरीक मोडेल. आणि मला पुन्हा त्याच अंगणातून जावं लागेल, या वयात.

मी अजून कोणाला काही बोलले नाही. गिरजाबाई हल्ली माझी नजर चुकवते. मी तिची. एका घरात दोघी अशा वावरतो, जसं काही दोघींनी मिळून चोरी केली आहे. उद्या ती उकळत्या पाण्यात हात घालेल आणि तिला कळणार नाही, या विचाराने मी ती चुलीशी गेली की उठून उभी राहते.

काय करू ते लगेच लिही.

मनकर्णा


आश्रम, पाथरखेडा
ता. १८ डिसेंबर १९३७

प्रिय मनकर्णास सलाम, वि. वि.

नाव न घेता डॉक्टरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, एकच चट्टा असेल आणि बोटं अजून वळत असतील, तर कडू कवठीच्या तेलाच्या सुया टोचायला आत्ताच सुरुवात करावी. रोग आटोक्यात राहण्याची पुष्कळ आशा आहे. वाट पाहिली तर हात वाकडा होईल, आणि मग तो लपवता येणार नाही.

आता मी माझं सांगते, रागावू नकोस. तू रोगाला भीत नाहीस. तुला दुसऱ्यांदा घराबाहेर काढतील, त्याला तू भितेस. मला ते समजतं. मलाही कोणी काढलं होतंच. पण तू न बोलून जे घर वाचवशील, त्या घरात बसून तुला तिचा हात वाकडा होताना पाहावा लागेल. ते तुला जमणार नाही. मी तुला ओळखते.

आधी तिच्याशी बोल, एकटीशी. मी इकडे तिच्यासाठी जागा मागून ठेवली आहे, माझ्या खोलीशेजारीच. तुझ्यासाठी रोज प्रार्थना चालू आहे. माहेरी येणाऱ्या पोरीची पाहावी तशी तुझी वाट पाहते.

गोमती


पळसवाडी
ता. २१ जानेवारी १९३८

प्रिय गोमतीबाई हिस सलाम, वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्याची हिंमत नव्हती. आता सगळं एकदमच सांगते.

तुझं पत्र आल्यावर मी गिरजाबाईला वांग्याच्या वाफ्यात गाठलं. म्हटलं, बाई, हात दाखव. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग बांगड्या वर सारल्या आणि खाली बसली. तिला सगळं ठाऊक होतं. अंजनाची सोयरीक ठरायच्याही आधीपासून चट्टा होता. सुई टोचून पाहिली होती, मिठाच्या पाण्याने धुतला होता, एका बुवाची राख लावली होती. मग ती जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते. "बाई, तुले घरी बलवा असं मीच ह्यायले म्हटलं. मले वाटलं, तुले पाहूनच समजन. मले माह्या तोंडानं सांगा लागनार नाही."

मला वाटत होतं की भावाला बहिणीची आठवण झाली. पण वाईट वाटायला वेळ नव्हता, कारण ती माझे पाय धरून विनवत होती की वैशाखापर्यंत कोणाला सांगू नको, पोरीच्या अंगावर अक्षता पडू दे, मग कुठेही ने. मी म्हटलं, तोवर बोटं वळतील. तरी मी कबूल झाले. चार महिने म्हणजे काय ते मला माहीत असून कबूल झाले. मीही भ्यालेलीच होते.

पण वाफ्यात आम्हा दोघींना कोणीतरी पाहिलं होतं. संक्रांत झाली आणि शिरपूरहून दौलतराव आले. ते मुलाचे काका, त्यांच्या घरात त्यांचाच शब्द चालतो. अंगणात बाज टाकली. गावातली चार माणसं आपसूक येऊन उभी राहिली. दौलतराव शांतपणे बोलले. म्हणाले की पुंजाजी, तुमची बहीण रगतपितीच्या दवाखान्यात राहून आली, ती भावजयीचा हात धरून बसते असं ऐकतो. तिला इथून काढा, नाहीतर सोयरीक इथेच थांबली. मग माझ्याकडे वळून म्हणाले की बाई, हात दाखवा.

मी पुढे जाऊन दोन्ही हात पालथे-उताणे दाखवले. त्यांनी लांबूनच पाहिले, म्हणाले, आज नाही तर उद्या दिसेल. मी मनाशी ठरवलं की म्हणावं, हो, रोग मलाच आहे, मी जाते. जन्मात खोटं बोलले नव्हते, पण शब्द तोंडात आले होते. पुंजाजी मान खाली घालून बसला होता. तो एकदाही नाही म्हणाला नाही.

तेव्हा गिरजाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. इतक्या पुरुषांपुढे ती कधी आली नव्हती. पदर पुढे ओढलेला, चेहरा दिसत नव्हता. डावा हात तेवढा तिने समोर केला. बांगड्या काढून आली होती. म्हणाली, "बाईचे हात साफ हायेत. पाहाचं असन तं हा पाहा. बाई याच्या आंधीपासून हाये हा."

दौलतराव उठले, चहा तसाच ठेवला, आणि गेले. माणसं पांगली. अंजना आतून रडतेय एवढंच ऐकू येत होतं. पुंजाजीने बाज उचलून भिंतीला लावली. मला वाटलं, आता तो आम्हा दोघींना शिव्या देईल. तो उठून गोठ्यात गेला. दोन दिवस कोणाशी बोलला नाही, जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीला वंगण घातलं आणि मला म्हणाला की तिचं गाठोडं बांध, कुठं न्यायचं ते सांग.

तर आठवड्याभरात आम्ही येत आहोत. गिरजाबाई घराबाहेर कधी राहिलेली नाही. रेल्वे तिने पाहिलेली नाही. रोगाहून तिला त्या गाडीची जास्त भीती वाटते, सारखी विचारते की ती मध्येच थांबते का. तू फाटकाशी उभी रहा. पहिल्यांदा तिचा हात तू धर, तोच हात. बाकीचं मग.

मनकर्णा


आश्रम, पाथरखेडा
ता. २० फेब्रुवारी १९३८

चि. पुंजाजीस मनकर्णाबाईचे अ. उ. आ.

गिरजाबाईला तेलाच्या सुया सुरू झाल्या. सुईची जागा सुजते, दुखते. पहिल्यांदा दुखलं तेव्हा डॉक्टरसाहेब तिला म्हणाले की दुखतं आहे ही चांगली गोष्ट. ती म्हणाली की डॉक्टरला अक्कल नाही. बोटं पाचही सरळ आहेत. वर्ष-दीड वर्ष राहावं लागेल. पहिले आठ दिवस तोंडावर पदर घेऊन बसली होती. आता मोतीबाईबरोबर आश्रमाच्या बागेत जाते, आणि आमचे माळी वांगी चुकीची लावतात असं सगळ्यांना सांगते.

मी तिच्याजवळच आहे. मी घरी परतायला म्हणून आले होते आणि तुझं घर उसवून निघाले, हे मनातून जात नाही. तुला माझा राग असेल तर लिही. गप्प राहू नकोस. तुझ्या गप्प बसण्याची मला फार भीती वाटते.

अंजनाला आशीर्वाद. खुशाली कळव, नाहीतर मला चैन पडणार नाही.

मनकर्णाबाई


पळसवाडी
ता. ६ मार्च १९३८

ती. मनकर्णाबाईच्या चरणी पुंजाजीचा दंडवत, वि. वि.

तुहं पत्र भेटलं. शिरपूरवाल्यायनं सुपारी वापस केली. गावातले काही लोकं आमच्या इहिरीवर पानी भराले येत नाहीत. मेथी-सांबाराच्या जुड्या वाशीमच्या बजारात नेतो, तं तिथं अजून कोनी वळखत नाही म्हनून खपते. वळखतीन तवा पाहू. लोकं म्हनून राह्यले का बाईनं रोग आनला. मी आता सांगतो का रोग आमच्या घरी आंधी होता, बाई मंग आली. कोनी आयकते, कोनी नाही.

बाई, राग तुहा नाही. राग माहाच येते. दौलतराव बोलला तवा मी मान खाली घातली. आपला बाप तुले काढून राह्यला होता तवा मी लहान होतो, मले समजत नव्हतं. आता तं समजत होतं. तरी मी बसूनच राह्यलो. मी भेलो. तुले बलवाले बी गिरजीनंच सांगतलं होतं, हे बी खरं. पन तू ये, आता मी बलवून राह्यलो. गिरजी बरी झाली का दोघी बी या. ताट येगळं ठेवनार नाही.

तू निंगतानी सांगतलं होतं तसं काल अंजनाचं आंग तपासलं. तिले डोये मिटाले लावले. कोंबडीचं पीस घेतलं. कोपराच्या वर एक जागा मले फिक्की दिसली, तं माह्या तोंडचं पानी पयालं. तिथं पीस फिरवलं अन् इचारलं, समजून राह्यलं काय? तिनं हात वढून घेतला, म्हने आबा, गुदगुल्या होऊन राह्यल्या, अन् हासाले लागली. लय दिसानं हासली. मी मातर तिथंच बसून रडलो. तिले समजेच ना का काहून.

गिरजीले सांग का पोरीच्या आंगावर काही नाही. हे तिले आंधी सांग, बाकी पत्र मंग वाच. आमच्यावर नजर असू दे.

तुहा भाऊ,
पुंजाजी