उजवी म्हणालो होतो

सानगडी, १९८४. सोमवार, संध्याकाळ.

सुटीवर घरी येऊन चार दिवस झाले, तरी कान अजून आखातातल्या विमानतळाच्या टॉवरवरच आहेत, जिथून मी वैमानिकांना धावपट्टी सांगतो. दोन समांतर धावपट्ट्या, दोन्हींकडे एकाच वेळी उतरत येणारी विमानं. एका वैमानिकाला डावी सांगायची होती, मी उजवी म्हणालो. उजवीच म्हणालो ना? हो, उजवीच. तो वळला तो थेट दुसऱ्या विमानाच्या वाटेवर. दिसताच मी त्याला वर चढायला लावलं. टक्कर थोडक्यात चुकली, सगळे सुखरूप उतरले.

आमचं बोलणं रेकॉर्ड करणारं यंत्र नेमकं बिघडलेलं. वैमानिकाची ऐकण्यात चूक झाली, असं टॉवरच्या साहेबांनी गृहीत धरलं आणि मी गप्प बसलो.

आज बाबा शेतातून आले, शेजारी बसले. म्हणाले, "काहून जेवून नाही राहिला तू?"

सगळं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "त्या पायलटचं काय होईल?"

"नोकरी जाईल, बाबा."

"अन् तू खरं सांगितलं तं?"

"माझी जाईल."

ते उठून हातपाय धुवायला गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

आताच साहेबांना पत्र लिहिलं. उजवी मीच म्हणालो होतो, एवढंच. उद्या भंडाऱ्याला जाऊन रजिस्टरनं पाठवायचं. बाबा म्हणतात, "मी येतो संगं." वाटेतून परत फिरेन, अशी शंका आली असावी त्यांना. मलाही येते आहे.