काळ्या कड्यांचा उद्धार

कळंब, १२ एप्रिल १९७३
सासरे भीमाशंकरअप्पा रविवारी येणार. त्यांच्या सोसायटीत सेक्रेटरीची जागा रिकामी आहे. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, असं शिवकांताला सांगितलं. ती हसली. बायकांना व्यवहार कळत नाही.

तिच्या आईची लाकडी पेटी तिला लग्नात मिळालेली. कड्या नि कुलपाची पट्टी काळीकुट्ट. मधेच पांढरट वेलबुट्टी, म्हणजे पोपडे सुटलेत. रविवारच्या आत पितळ सोन्यासारखं लखलखलं पाहिजे. अप्पा बघतच राहतील.

१३ एप्रिल
चिंच, राख. हात काळे, कड्याही काळ्या. शिवकांता म्हणाली, आई नुसतं तेलाचं फडकं फिरवायची. गेलेल्या माणसाच्या आळसाबद्दल बोलू नये, म्हणून गप्प बसलो. टँकर आला नाही. धुवायला प्यायची घागर घेतली. भात कशात शिजवू, असं ती विचारत होती. मोठ्या कामात असले प्रश्न येणारच.

१४ एप्रिल, सकाळ
सोनाराकडून तेजाब आणलं. शेजारच्या इरम्मा म्हणाल्या, अप्पांना विचारून करा. सल्ला फुकट असतो.

दुपार
काळं निघालं! खाली पितळ नाही, करड्या रंगाचं काहीतरी. निजामाच्या राज्यातली भेसळ, दुसरं काय. वर रेजमालाचा खरखरीत कागद घासला. पोपडेही आता दिसत नाहीत. शिवकांता पेटीकडे बघून आत गेली. आनंदानं असेल.

१५ एप्रिल, रविवार
अप्पा थेट पेटीपाशी जाऊन बसले. कडीवरून बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"जावईबापू, ही बिदरी हाय. काळीच असती. काळ्यावर चांदीची येल उठून दिसावी म्हणून कारागीर ती मुद्दाम काळी करतेत. शिवकांताच्या आईनं हौसेनं करून घेतली होती."

काळं बूट पॉलिश चालेल का, असं मी विचारलं. अप्पांनी पेटीवर चादर टाकली. सेक्रेटरीचा विषय अप्पांनी काढला नाही. मलाही धीर झाला नाही. पहिल्यांदाच लाज वाटली.

संध्याकाळी पेटी एस.टी.च्या टपावर चढली. अप्पा ती बिदरच्या कारागिराकडे नेणार. बघतो तर शिवकांताही पिशवी घेऊन आत बसलेली. खिडकीशी जाऊन विचारलं, परत कधी येणार?

"कड्या काळ्या झाल्यावर," म्हणाली.