खिशात राहिलेली पेन्सिल

सुरत, रविवार, ३ मार्च १९६८

प्रिय अक्का,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. माझं जेवणखाण वेळेवर होतंय. बेबीचा खोकला थांबला का?

तू म्हणायचीस, आपल्याहून हुशार माणसांत बस. बसलोय, पण सोपं नाही. आमच्या ऑफिसात दर शनिवारी सगळ्यांचे इमारतींचे नकाशे भिंतीवर लागतात आणि एकमेकांच्या चुकांभोवती लाल पेन्सिलीने गोल काढायचा. माझा नकाशा लालेलाल होतो. पण वर्षभरात जे शिकलो, ते त्या गोलांतूनच. सर्वांत वरिष्ठ रमणभाई म्हणतात, "लाल खूण नाही, म्हणजे नकाशा कोणी पाहिलाच नाही."

काल त्यांचाच नकाशा लागला, एका शाळेचा. भिंतीबाहेर आलेल्या गॅलरीच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळई वरच्या अंगाला हवी, नाहीतर गॅलरी मोडून पडते; ती खाली दाखवलेली. रमणभाई कसे चुकतील, म्हणून मी पेन्सिल खिशातच ठेवली.

आज बांधकामाचं पुस्तक तीनदा पाहिलं. चूकच आहे गं. उद्या सळया बांधणार. त्या गॅलरीत पोरं उभी राहतील.

रमणभाई काय म्हणतील, कोण जाणे. आईला सांगू नकोस. हे पत्र पेटीत टाकून तसाच त्यांच्या घरी जातो. पेन्सिल बरोबर घेतली आहे.

तुझा धाकटा,
यशवंत