जाळीवरचे काळे कण

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याशी भांडते आहे. परवा एका सभेत बोलता बोलता मध्येच थांबले. लोकांना वाटलं, पाणी हवं असेल. मला तो फोटो आठवला होता.

गिट्टीच्या क्रशरवरचा एक माणूस खोकून खोकून वारला, तेव्हा मी दिवसा तुमच्याकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम शिकत होते आणि संध्याकाळी सक्करदऱ्याला कामगारांच्या सभा घेत होते. त्याच्या फुफ्फुसाचा तुकडा तपासायच्या कागदावर त्याच्या बायकोचा अंगठा मीच घेतला. तिने एकच अट घातली. "जे दिसन ते मले सांगजा, ताई. डाक्टर लोक काहीच सांगत नाहीत."

तो तुकडा मी पारदर्शक राळेत बसवला, काच फोडून केलेल्या सुरीने त्याचे काप काढले, टिकलीएवढ्या तांब्याच्या जाळीवर उचलले आणि जाळी शिशाच्या द्रावणाच्या थेंबावर पालथी घातली. त्याने पेशींच्या कडा ठळक होतात. हे करताना श्वास रोखायचा, हा तुमचा पहिला धडा. उच्छ्वास लागला की शिशाचे काळे कण तयार होतात. मी मात्र थेंबावर वाकून संध्याकाळचं भाषण पाठ करत होते. तुम्ही गावाला निघाला होता, दारातूनच म्हणालात, "काहून बोलून राहिली वं? तो थेंब काय मत देणार आहे तुले?" मी हसले आणि बोलतच राहिले.

सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोत काळे कण दिसले, भरपूर. त्याच संध्याकाळी मी चौकात सांगितलं की मालकाची धूळ मी या डोळ्यांनी पाहिली आहे. त्याची बायको समोरच बसली होती, पदर तोंडाशी धरून. आठवड्याच्या आत क्रशरवर पाणी मारायला सुरुवात झाली.

मग तुम्ही परत येता, फोटोची काचेची निगेटिव्ह उजेडासमोर धरता. "तुकडा इथे संपला. पुढे नुसती राळ आहे, तिथेही धूळ? राळ काय खदानीत कामाला होती?" तुम्ही शेजारी उभ्या राहून मला दुसऱ्या कापाची जाळी करायला लावता. मी श्वास रोखून धरते. या वेळी एकही कण नाही.

"म्हणजे धूळ नव्हती?"

"असं कुठं म्हटलं मी? या कापात आपल्याला दिसली नाही, एवढंच. तेवढंच तिला जाऊन सांग."

मी तावातावाने म्हणाले, बातमी फुटली तर पाणी मारणं बंद होईल, आणखी माणसं मरतील. तुमचा आवाज चढला नाही. "मालकाशी तू खुशाल भांड. पण अंगठा तिने दिला आहे."

ती लढाई खरी होती, हे मी आजही कुठेही उभी राहून सांगेन. क्रशरजवळ दहा मिनिटं उभं राहिलं तरी दातांखाली कचकच यायची. मग त्या फोटोचं नाव मी का घेतलं, याचं उत्तर देताना माझी वाक्यं अडखळतात.

एकदा गेले होते तिच्याकडे, सांगायचंच म्हणून. तिने चहा टाकला आणि शेजारणीला म्हणाली, "ह्या ताईनं पाह्यलं होतं वं, माह्या नवऱ्याच्या छातीत काय होतं ते." मी चहा पिऊन परत आले.

ती अजून त्याच घरात राहते, इथून बसने अर्धा तास. तुम्ही ऐकायला नाही, म्हणून तुम्हाला लिहिणं जमतंय.