दोन्ही खांदे

९ जानेवारी, धुळे

ओपीडी संपत आली होती, तेव्हा शिंदखेड्याकडची हर्षदा आली. वीस वर्षांची, कबड्डीत चढाई करते. सोबत आई मंगलाक्का, आणि प्रशिक्षक. त्यांना गावात सगळे आबा म्हणतात. महिना होत आला, हात खांद्याच्या वर जात नाहीत. गावातल्या डॉक्टरांनी एक्सरे काढून 'हाड ठीक आहे, आखडलंय' सांगितलेलं. शेक आणि मालिश चालू.

एक्सरे फक्त समोरून काढलेला. खांदा मागे निखळला असेल तर समोरून दिसतच नाही.

म्हटलं, हात पुढे कर, प्रसाद घेतेस तसे तळवे वर. तळवे वळेनात. उजवा नाही, डावाही नाही. ती हसली. "मॅडम, प्रसादाचं सोडा, तोंडसुद्धा आई धुते माझं."

मी पुन्हा करायला लावलं. मग पुन्हा. दोन्ही? उद्या सी.टी.

१० जाने.

सी.टी. आला. दोन्ही खांदे मागच्या बाजूला निखळलेले. हाडाच्या गोळ्यांना पुढून खड्डे पडलेत. महिनाभर ही मुलगी अशी हिंडते आहे, आणि आपण मालिश करतोय.

इतक्या वर्षांत खेळाडूंचे कितीतरी खांदे बसवले. निखळतात ते पुढे. मागे क्वचित. दोन्ही, एकाच वेळी, मागे — असं पुस्तकात वाचलेलं. पुस्तकात कारणंही मोजकीच. विजेचा धक्का, भीषण अपघात, नाहीतर आकडी.

आबांना विचारलं. ते म्हणाले, "पडली कुठे? आदल्या दिवशी सराव झकास झाला. सकाळी फोन आला, हात उचलत नाहीत म्हणून. मला वाटलं, थंडीनं धरले असतील."

ह.ला एकटीला आत घेतलं. घरी कुणी मारतं का? डोळे मोठे करून बघत राहिली, मग खळखळून हसली. "मला? मॅडम, आमच्या गल्लीत मुलं मला घाबरतात."

कधी फिट आली होती? "नाही." खरं बोलत होती. शपथेवर सांगेन, ती खरंच बोलत होती.

जिभेच्या कडेला भरून आलेली जखम. विचारलं. "झोपेत चावली असेल."

झोपते कुठे? आईजवळ.

मंगलाक्कांना तेच विचारलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत, "नही ताई, आसं काहीच नही."

१३ जाने.

जळगावला घेऊन गेले, मेंदूच्या डॉक्टरांकडे. स्वतः गेले, नाहीतर हे लोक पारोळ्यावरूनच परत फिरले असते. मेंदूचा आलेख स्वच्छ निघाला. डॉ. म्हणाले, "आलेख स्वच्छ आला म्हणजे फिट येत नाही असं नसतं. खांदे बघता मी आजच गोळ्या सुरू करेन. पण कुणीतरी पाहिलेलं हवं." सगळ्यांनी मंगलाक्कांकडे पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

गोळ्यांना ह.चाच नकार. "मला रोग नाहीये. खांदे बसवा, बस. मार्चमध्ये निवड चाचणी आहे."

परतताना गाडीत आबा एकदा म्हणाले, "कापूस अजून वेचायचा राहिलाय लोकांचा."

थांबावं तर हाड झिजतंय. उजवा आधी करायचा असं ठरवलं. मनात रुखरुख आहे.

१६ जाने.

उजवा झाला. वाटलं होतं त्यापेक्षा चिवट. गोळा मागच्या कडेला अडकून बसला होता, हलेचना. निसटला तेव्हा ओ.टी.त सगळ्यांनी श्वास सोडला. खड्ड्यात स्नायूसकट हाडाचा तुकडा बसवला, दोन स्क्रू. टेबलावरच हात बाहेर वळवून पाहिला. सुरेख वळला.

मंगलाक्कांना सांगितलं तर पायाच पडायला लागल्या. मी मागे सरले. त्यांच्या डोळ्यांत आनंदापेक्षा वेगळंच काहीतरी होतं. थकले होते, विचार केला नाही.

१८ जाने.

लिहून काढते.

सकाळचा राउंड. ह. उशीला टेकून बसलेली, आई तिला चहात बुडवून टोस्ट भरवत होती. ह. मला म्हणाली, "मॅडम, डावा कधी?" आणि तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. तिथे काहीच नव्हतं. मग मान वळली, अंग ताठ झालं, पट्ट्यात बांधलेला उजवा हात आतल्या आत पिळायला लागला.

सिस्टर ओरडली. मी इंजेक्शन मागवलं. मला धक्का बसला तो फिटमुळे नाही. फिट मी शोधतच होते.

मंगलाक्का दचकल्या नाहीत. कप खाली ठेवला. मुलीला कुशीवर वळवलं, गालाखाली पदराची घडी सारली, हनुवटी धरली. तोंडात काही घातलं नाही, हातपाय दाबले नाहीत. हलक्या आवाजात, "व्हयी गयं, व्हयी गयं माय, आते उतरी जाई." आमच्या नवीन सिस्टरना हे शिकवावं लागतं. या बाईनं हे किती वेळा केलं असेल?

एक्सरे काढला. उजवा पुन्हा मागे. एक स्क्रू उपटून आलाय.

१८ जाने., दुपारी

मंगलाक्का माझ्या खोलीत आल्या, खुर्चीवर न बसता भिंतीशी खाली बसल्या. मीही खाली बसले.

"धाकली व्हती तवयपासून येत, ताई. गोळ्या खाये ते दिनभर झोपी राहे. वर्गात झोपे. पोरं हसेत. मंग खेळाले लागनी. आबांनी मैदानवर नेली. आनि बठ्ठं बंद व्हयी गयं. मी गोळ्या बंद करी दिन्ह्यात. तिले काहीच याद नही."

मधली वर्षं एकही नाही. मग आता झोपेत. हात अडकले त्या पहाटेची. आधी एक, लागलीच दुसरी. यांनी सगळं बघितलं. सकाळी पोरीला म्हणाल्या, वाकडी झोपलीस.

"मी सांगतू, तर आबा तिले खेळू देतात का?"

रागावणार होते. आठ दिवसांपूर्वी एक शब्द बोलल्या असतात तर, हे ओठांवर आलं होतं. बोलले नाही. तेवढी एक गोष्ट आज बरोबर केली.

१९ जाने.

ह.ला मीच सांगितलं. आबा आणि मंगलाक्का दाराशी उभे. फिट, निसटलेला खांदा, आधी गोळ्या लागू पडायला हव्यात, मग पुन्हा ऑपरेशन. मला वाटलं, ती चाचणीचं विचारेल.

तिनं विचारलं, "म्हणजे आईला माहीत होतं?"

मी दाराकडे पाहिलं.

"पहिल्यापासून?"

आबांनी टोपी काढून हातात धरली. त्यांनाही आजच कळलं. व्हरांड्यात जाऊन बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. मी चहा पाठवला. तसाच परत आला.

२१ जाने.

ह. आईच्या हातून जेवत नाही. दोन्ही हात निकामी, स्वतः घास घेता येत नाही, आणि तोंड भिंतीकडे. सिस्टर भरवते तेव्हा खाते. मंगलाक्कांनी घरून कळण्याची भाकरी आणि भरीत मागवलं. ते तिनं सिस्टरच्या हातून खाल्लं. आई दाराबाहेरून बघत होती, किती खाल्लं ते.

जळगावच्या डॉक्टरांशी फोन. डोस वाढवायचा. पुन्हा ऑपरेशन केलं तर टिकेल का? "फिट थांबली तर." आणि खेळ? ते पुन्हा डोसबद्दलच बोलले.

२९ जाने.

त्यानंतर फिट नाही. गोळ्यांची गुंगी मात्र आहे, बोलताना शब्द शोधते. चढाई करताना म्हणे हिच्यावर नजर ठरायची नाही, इतकी चपळ. आबाच सांगत होते.

उजवा पुन्हा उद्या. या वेळी हाड कमरेचं घालावं लागेल.

३० जाने.

सकाळी सलाईन लावून तयार. मी बघायला गेले. ह. म्हणाली, "मॅडम, मला फिट येते तेव्हा मी कशी दिसते?"

म्हटलं, मी एकदाच पाहिलंय.

"ओरडते?"

"थोडी."

"घाबरते का मी?"

हे मला खरंच माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

ओ.टी.तून निरोप आला, टेबल तयार आहे. मी सिस्टरला खूण केली, तेवढ्यात ह. म्हणाली, "थांबा. तिला बोलवा. तिलाच विचारायचंय."

मंगलाक्का आत गेल्या. चप्पल दाराबाहेर काढून गेल्या, देवळात जातात तशा. मी दार ओढून घेतलं.

आतून ह.चा आवाज, चढा. मग मंगलाक्कांचा, फार हळू, शब्द कळले नाहीत.

ओ.टी.तून पुन्हा निरोप. म्हटलं, थांबायला सांग.